मरण आणि टॅक्स

नमस्कार मंडळी, एखादी गोष्ट नक्की आहे हे सांगायचं तर आपण काय म्हणतो, काळ्या दगडावरची रेघ, सोळा आणे खरं वगैरे. इंग्रजीत मात्र डेथ अँड टॅक्सेस म्हणतात, जगात दोनच गोष्टी पक्क्या, मरण आणि टॅक्स. मार्च महिन्यात हे वाक्य ऑफिसात कोणी ना कोणी ऐकवतोच, आणि वर अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनचं नाव ठोकून देतो.

फ्रँकलिनने ते लिहिलंय हे खरंय. 13 नोव्हेंबर 1789 ला त्याने जाँ-बाप्तिस्त ल रुआ या पॅरिसमधल्या शास्त्रज्ञ मित्राला फ्रेंचमध्ये पत्र लिहिलं. तिकडे क्रांती पेटलेली, मित्राची बरेच महिने काही खबर नाही, म्हणून हा विचारतो की बाबा तू जिवंत आहेस ना, का धान्याचा साठेबाज समजून लोकांनी ज्ञानाच्या साठेबाजाचंच डोकं काठीवर लावून मिरवलं? आणि पुढे म्हणतो की आमची नवी राज्यघटना सुरू झालीय, टिकेल असं दिसतंय, पण या जगात मरण आणि कर सोडून नक्की असं काहीच नाही. म्हणजे आपण हे वाक्य टॅक्सच्या नावाने बोटं मोडायला वापरतो, पण त्याने ते लिहिलं तेव्हा डोक्यात घोर होता मित्राचा आणि नव्या देशाचा. गंमत बघा, तो मित्र पुढे 10 वर्षं जगला आणि फ्रँकलिन स्वतःच एप्रिल 1790 मध्ये गेला.

पण वाक्य त्याचं नाहीच मुळी! 1726 मध्ये रॉबिन्सन क्रूसोवाल्या डॅनियल डिफोने ही जोडी वापरली होती, आणि त्याच्याही आधी, 1716 मध्ये, ख्रिस्तोफर बुलक नावाच्या लंडनच्या नटाने प्रेस्टनच्या चांभारावर एक फार्स लिहिला त्यात ते येतं, की मरण आणि टॅक्स सोडून कशाचीच खात्री देता येत नाही. तेव्हाच्या इंग्लंडात 1696 पासून घराच्या खिडक्या मोजून टॅक्स घेत होते, लोक तो वाचवायला खिडक्या विटांनी बुजवायचे, मग असल्या वाक्यावर थिएटरात हशा पिकणारच की.

आता आपल्याकडे या. दरवर्षी 24 जुलैला सरकार आयकर दिन साजरा करतं (टॅक्सचा पण वाढदिवस असतो बरं का), कारण 1860 साली त्या तारखेला भारतात इन्कम टॅक्स सुरू झाला. 1857 च्या उठावाने तिजोरी रिकामी केलेली, ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचे साहेब आले होते, त्यांनी हा टॅक्स आणला आणि बरोबर 18 दिवसांनी, 11 ऑगस्टला, कलकत्त्यात हगवणीने गेले. मरण आणि टॅक्स तीन आठवड्यांच्या आत!

पुढे तर आपण दोन्ही एकत्रच केलं. 1953 मध्ये एस्टेट ड्यूटी आली, मराठीत सरळ मृत्युकर, माणूस मेला की मागे राहिलेल्या मोठ्या इस्टेटीवर टॅक्स. तेव्हा अर्थमंत्री होते आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख. 1985 मध्ये तो रद्द झाला, वसुलीच्या मानाने खटाटोपच जास्त होता.

म्हणजे टॅक्स कुठे नक्की असतो हो? मृत्युकर गेला, इंग्लंडचा खिडक्यांचा टॅक्स 1851 ला गेला. अगदी विल्सन साहेबांचा इन्कम टॅक्ससुद्धा पाचच वर्षांचा होता, 1865 ला बंद झाला, लोकांनी सुटलो म्हणून नि:श्वास टाकला असेल. 1886 ला तो नवीन कायदा घेऊन कायमचा परत आला. साहेब काही परत आले नाहीत.