चार हजार मतं आणि एक हिशेबी माणूस

७ नोव्हेंबर १९१६ ची रात्र. न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एक भरघोस दाढीवाले गृहस्थ झोपायला गेले, तेव्हा अर्ध्या अमेरिकेच्या लेखी ते राष्ट्राध्यक्ष झालेच होते. पूर्वेकडची मोठी राज्यं पदरात पडली होती. म्हणतात की रात्री एका वार्ताहराने दार ठोठावलं, तर आतून उत्तर आलं, "अध्यक्ष झोपलेत." किस्सा बहुधा रचलेला असावा. पण इतका चपखल बसलाय की शंभर वर्षांनंतरही कुणी तो सोडत नाही. मग मीच का सोडू?

नमस्कार मंडळी. आजचा माणूस आहे चार्ल्स इव्हान्स ह्यूज. ती निवडणूक ते हरले. कॅलिफोर्नियात प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना त्यांच्यापेक्षा मतं जास्त पडली, ती चार हजारसुद्धा नव्हती. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या निर्वाचक मतांवर; तिथली १३ निर्वाचक मतं इकडे आली असती, तर निकाल २७७ विरुद्ध २५४ च्या जागी २६४ विरुद्ध २६७ लागला असता.

गंमत बघा, या माणसाचं अख्खं आयुष्य आकड्यांवर उभं होतं.

[स्क्रीनवर जुन्या हिशेबवहीचं पान]

१९०५ साल. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, मुलगा न्यूयॉर्कचा वकील, फारसं कुणी ओळखत नसलेला. राज्याच्या विधिमंडळाने आयुर्विमा कंपन्यांची चौकशी लावली आणि काम दिलं ह्यूजना. आवाज चढवणं नाही, टेबल आपटणं नाही. ते फक्त वह्या वाचायचे आणि एकेका नोंदीवर बोट ठेवून विचारायचे, हे पैसे कशाचे? अशाच एका नोंदीतून बाहेर आलं की न्यूयॉर्क लाइफ कंपनीने १९०४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला ४८ हजारांहून जास्त डॉलर दिले होते. पॉलिसी काढणाऱ्यांच्या हप्त्यांतून! आता, ह्यूज स्वतः कोणत्या पक्षाचे? रिपब्लिकन. पक्षातल्या मंडळींनी त्यांना महापौरपदाची उमेदवारी देऊ केली. चौकशीतून उचलून प्रचारात टाकायचं, म्हणजे प्रश्नच मिटला. ह्यूजनी नकार दिला. पुढच्याच वर्षी वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांना हरवून ते गव्हर्नर झाले, १९१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९१६ मध्ये तो झगा उतरवून निवडणुकीला उभे राहिले.

तिथे मात्र हिशेब चुकला. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या एका हॉटेलात ते काही तास होते. त्याच हॉटेलात त्या राज्याचे लोकप्रिय गव्हर्नर, ह्यूजच्याच पक्षाचे हायरम जॉन्सनही होते. दोघांची भेट झाली नाही. ह्यूज म्हणाले, ते तिथे आहेत हे मला कुणी सांगितलंच नाही. जॉन्सन यांच्या माणसांना तो अपमान वाटला. नोव्हेंबरमध्ये जॉन्सन त्याच राज्यातून जवळपास तीन लाखांच्या आघाडीने सिनेटवर गेले. माझ्या मते ह्यूज हरले ते त्या हॉटेलात. दोन मजले चढून नमस्कार केला असता तरी भागलं असतं.

पाच वर्षांनी ते परराष्ट्रमंत्री झाले. १२ नोव्हेंबर १९२१, वॉशिंग्टन, मोठ्या देशांची नौदलं आटोक्यात आणायला भरलेल्या परिषदेचा पहिला दिवस. सगळे नेहमीच्या स्वागताच्या भाषणाची वाट पाहत बसलेले. ह्यूजनी कागद काढला आणि आधी स्वतःच्याच देशाच्या ३० युद्धनौका मोडीत काढायची तयारी जाहीर केली, ८ लाख ४५ हजार टन. मग ब्रिटनच्या, मग जपानच्या, आणि त्याही नावं घेऊन! एकूण आकडा पावणेएकोणीस लाख टनांच्या घरात. समोर त्याच नौकांचे मालक बसलेले. जपानची 'मुत्सू' त्या यादीत होती. जपानी म्हणाले, ही सोडून बोला, हिच्यासाठी शाळकरी मुलांनी वर्गणी काढलीय. शेवटी 'मुत्सू' वाचली. फेब्रुवारी १९२२ मध्ये करार झाला, तो १९३६ पर्यंत टिकला.

या परिषदेत हिंदुस्थानच्या वतीने कोण होतं माहितेय? श्रीनिवास शास्त्री. पुण्यात गोखल्यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे, गोखल्यांनंतरचे अध्यक्ष.

[कॅमेरा जवळ]

आता शेवटचा आकडा. १९३० पासून ह्यूज सरन्यायाधीश. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट म्हणाले, न्यायाधीश म्हातारे झालेत, कामं तुंबलीत, मला आणखी सहापर्यंत नेमू द्या. खरी अडचण वेगळी होती. हे न्यायालय त्यांचे कायदे रद्द करत होतं. ह्यूज तेव्हा ७४ वर्षांचे. त्यांनी भाषण केलं नाही, मुलाखत दिली नाही. रविवारी, २१ मार्चला, त्यांनी सिनेटर व्हीलर यांच्या हातात एक पत्र ठेवलं. त्यात किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, याचे आकडे होते. काहीही तुंबलेलं नव्हतं. आणि वर एक शालजोडीतला: न्यायाधीश वाढले की ऐकणारे वाढतील, चर्चा करणारे वाढतील, पटवून द्यावं लागणारेही वाढतील.

व्हीलर रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पत्र सिनेटच्या समितीपुढे वाचलं. जुलैपर्यंत न्यायाधीश वाढवायचं ते विधेयक बारगळलं.