हिरव्या पाण्याची नोंद

[दृश्य: संगम पुलावरून दिसणारी नदी. सकाळ.]

निवेदन: नळाचं पाणी खडकवासल्याहून येतं, हे पुण्यात लहान मुलालाही माहीत असतं. वापरून झाल्यावर ते कुठे जातं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. इथे मुळा आणि मुठा एकत्र येतात, पुढे भीमेला मिळतात आणि भीमा उजनी धरणात थांबते. पुढचं सगळं त्या थांबण्यामुळेच घडतं.

[दृश्य: भिगवण. उजनीचा फुगवटा. होडीच्या कडेला हिरवा थर.]

शहराच्या सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस साचलेल्या पाण्यात उतरतो, वर ऊन तापतं, वारा पडतो. मग पाण्यावर कुणी रंगाचा डबा ओतल्यासारखं दिसायला लागतं. आपण त्याला शेवाळ म्हणतो. यात बऱ्याचदा असतात ते नील-हरित शैवाल म्हणून ओळखले जाणारे जिवाणू. त्यातल्या मायक्रोसिस्टिसच्या पेशीत हवेच्या इवल्या पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर तो वर तरंगतो आणि उन्हाचा वाटा आधी घेतो.

प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं. पण विषारी कोणतं, हे डोळ्यांना कळत नाही. अशा जिवाणूंचं मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर घाव घालतं आणि पाणी उकळून ते जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा आहे लिटरमागे 1 मायक्रोग्रॅम.

1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यातून हे विष थेट रुग्णांच्या रक्तात गेलं. पन्नासहून अधिक माणसं दगावली. ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरात अशाच हिरव्या थराचा बहर आला, म्हणजे तो दाट वाढला, आणि अमेरिकेतल्या टोलेडो शहरात लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं.

[दृश्य: जगाचा नकाशा. किनाऱ्यांवर ठिपके उमटत जातात.]

अशा घटना लिहून ठेवणारी एक जागतिक वही आहे, मुख्यतः समुद्रासाठी. नाव हेडॅट. युनेस्कोच्या आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगाच्या पुढाकाराने ती चालते. कुठे, केव्हा, शैवालाची कोणती जात, काय नुकसान: मासे मेले, शिंपल्यांची विक्री बंद झाली, माणसं आजारी पडली. 1985 ते 2018 मधल्या 9,503 नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये जे मांडलं, ते मला फार मोलाचं वाटतं. जगभर सरसकट बहर वाढलेत, असं त्यांना दिसलं नाही. काही भागांत वाढले, काही भागांत घटले. आणि जिथे पाहणारी माणसं वाढली, तिथे नोंदीही वाढल्या.

म्हणजे नकाशावरचा कोरा भाग पाहून पाणी स्वच्छ आहे, असं म्हणता येत नाही. तिथे कदाचित कुणी पाहिलंच नसेल.

[दृश्य: उपग्रहाने टिपलेला अरबी समुद्र. हिरव्या भोवऱ्यांच्या रेषा.]

आकाशातून पाहता येतं. हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषतं, त्याने पाण्याचा रंग बदलतो आणि उपग्रह तो बदल टिपतो. आपल्या समुद्रातल्या बहरांची माहिती हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशीच देते. पण युरोपच्या सेंटिनेल-3 च्या चित्रातला एक ठिपका 300 मीटरचा असतो. धरणाच्या अरुंद, खाडीसारख्या फाट्यात काठाची जमीनच त्यात मिसळते. पावसाळ्यात ढग आडवे येतात. आणि विष आहे की नाही, हे कोणताच उपग्रह थेट सांगू शकत नाही. त्यासाठी होडीत बसून बाटली बुडवावीच लागते.

उजनीतलं पाणी सोलापूर शहर पितं. पुण्यातून सोडलेलं पाणी तिकडे कोणाच्या तरी पेल्यात पोचतं, हे पुणेकर म्हणून मला विसरता येत नाही. तिथल्या हिरव्या थराची तारीखवार, जातवार, विषाच्या मोजमापासह नोंद राहायला हवी, आणि ती कोणालाही उघडून पाहता यायला हवी.

[दृश्य: होडीत बसलेला हात. बाटलीत पाणी भरतो, आयोडीनच्या द्रावणाचे थेंब सोडतो. पाणी फिकट चहासारखं होतं.]

आता पेशी टिकतील. प्रयोगशाळेत मोजणीच्या काचेवर त्या एकेक करून मोजल्या जातील. त्याआधी चिठ्ठी लिहायची. पेन्सिलीने, म्हणजे ओली झाली तरी अक्षर पुसणार नाही.

[दृश्य: चिठ्ठी जवळून.]

ठिकाण: भिगवण. वेळ: सकाळी साडेसात. वारा नाही. पाण्यावर हिरवा थर, काठापासून होडीपर्यंत.