आईची एडिथ, मठातली बेनेडिक्टा

(मंडळाच्या ऑगस्ट मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

9 ऑगस्ट 1942 म्हटलं की आपल्याला गोवालिया टँक आठवतं. पहाटे गांधीजींना झालेली अटक, अरुणा असफअलींनी फडकवलेला झेंडा. आज मी त्याच तारखेची दुसरी हकिगत सांगणार आहे, कारण तिचा शेवटचा भाग आपण राहतो त्या नेदरलँड्समध्ये घडला. त्याच 9 ऑगस्टला नाझींच्या आउश्वित्झ छावणीत एका कार्मेलाईट (या कॅथलिक संघातल्या) ननला विषारी वायूने मारण्यात आलं. 7 तारखेला मुंबईत काँग्रेसची बैठक सुरू झाली, त्याच दिवशी तिची गाडी वेस्टरबोर्कहून, म्हणजे इथल्या ज्यूंना हद्दपारीआधी ठेवायच्या छावणीतून, सुटली होती. मठातलं तिचं नाव क्रूसाची तेरेसा बेनेडिक्टा. जन्मनाव एडिथ स्टाइन. ती ज्यू होती, आणि हे तिने कधी लपवलं नाही.

तिचा जन्म 12 ऑक्टोबर 1891 चा, ब्रेस्लाऊचा. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तो दिवस योम किप्पूरचा होता, म्हणजे ज्यूंच्या उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा. त्यामुळे आईला या शेंडेफळाचं फार अप्रूप. एडिथ दोन वर्षांची व्हायच्या आत वडील गेले. आईने, औगुस्टेबाईंनी, लाकडाची वखार स्वतः चालवायला घेतली, सात मुलं वाढवली, आणि वखार नावारूपाला आणली. घरात सणवार, उपास सगळं कडक. पण पंधराच्या आसपास एडिथने प्रार्थना करणं ठरवून सोडून दिलं.

पुढे ती ग्योटिंगेनला एडमुंड हुसर्ल या मोठ्या तत्त्वज्ञाकडे शिकली. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसतर्फे साथीच्या रोगांच्या लष्करी इस्पितळात शुश्रूषा केली. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कसं उमगतं, या विषयावर 1916 साली तिने डॉक्टरेट मिळवली आणि हुसर्लची सहायक झाली. एवढी बुद्धी असूनही बाई म्हणून विद्यापीठात शिकवण्याचा दर्जा तिला मिळाला नाही. तिने सरकारकडे दाद मागितली. स्त्री असणं हा अडसर मानता येणार नाही, असा निर्णय प्रशियाच्या मंत्र्यांनी 1920 मध्ये दिला. तिला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही, तिच्या मागून आलेल्यांना झाला.

ख्रिस्ताकडे ती एका दिवसात वळली नाही. तिचे स्नेही आडोल्फ राइनाख 1917 मध्ये युद्धात पडले. त्यांच्या पत्नीला भेटायला एडिथ गेली ती सांत्वन करायला. समोरची बाई मात्र श्रद्धेच्या बळावर सावरलेली होती, आणि ते एडिथच्या मनात रुतून बसलं. 1921 च्या उन्हाळ्यात तिने अविलाच्या संत तेरेसाचं आत्मचरित्र वाचलं आणि 1 जानेवारी 1922 ला बाप्तिस्मा घेतला.

हे तिने आईला समोर बसून सांगितलं. कणखर औगुस्टेबाई रडल्या. आपल्याकडे 1895 साली ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, हे इथे अनेकांना ठाऊक आहे. म्हणून या आईचं दुःख मला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. एडिथला लगेच मठात जायचं होतं. आईला हा दुसरा घाव सोसणार नाही, म्हणून तिने अकरा वर्षं कळ काढली. या काळात ती श्पायरला आणि पुढे म्युन्स्टरला शिकवत होती. माहेरी गेली की आईबरोबर सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातही जायची.

1933 मध्ये हिटलर आला आणि तिची नोकरी गेली. एप्रिलमध्येच तिने पोप अकरावे पायस यांना पत्र लिहिलं होतं: ज्यूंवर होणारे अत्याचार ख्रिस्ताच्या नावाला काळिमा आहेत, चर्चने बोललं पाहिजे. हे पत्र जगापुढे यायला 2003 साल उजाडलं. ते वाचलं की तिची दूरदृष्टी कळते, आणि तेव्हा कुणी ऐकलं असतं तर, या विचाराने जीव तुटतो.

मठात जाण्यापूर्वी शेवटच्या दिवशी, तिच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, मायलेकी सिनेगॉगमध्ये गेल्या. परतताना चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने लेकीला विचारलं, प्रवचन छान झालं ना? म्हणजे ज्यू राहूनही माणूस भाविक असू शकतो? एडिथ म्हणाली, हो, त्यापलीकडचं काही कळलं नसेल तर. मग आई येशूबद्दल म्हणाली, त्याच्याविरुद्ध मला काही बोलायचं नाही, तो फार चांगला माणूस असेल, पण त्याने स्वतःला देव का करून घेतलं?

कोलोनच्या मठातून एडिथ दर आठवड्याला आईला पत्र पाठवायची. बरेच दिवस आईचं उत्तर नव्हतं. सप्टेंबर 1936 मध्ये औगुस्टेबाई गेल्या. शेवटी त्यांनीही धर्म बदलला अशी आवई उठली, तेव्हा एडिथने ती ठामपणे खोडून काढली. आई अखेरपर्यंत स्वतःच्या श्रद्धेवर अढळ राहिली आणि देवाने तिला जवळ केलं असणार, असं तिने लिहिलं. तिच्या सगळ्या लेखनात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. आईला आपल्या बाजूला ओढून दाखवायचा मोह किती सोपा होता!

1938 च्या अखेरीस ती इथे, लिम्बुर्गमधल्या एख्तच्या मठात आली. मागून बहीण रोझा आली. तिनेही बाप्तिस्मा घेतला होता, ती मठाच्या दाराशी कामं बघायची. स्वित्झर्लंडच्या एका मठात एडिथला जागा मिळत होती, पण रोझाची सोय नाही म्हणून ती गेली नाही. दोघींची व्यवस्था होईतो वेळ निघून गेली. 26 जुलै 1942 ला डच बिशपांनी ज्यूंच्या हद्दपारीचा निषेध चर्चमधून जाहीर वाचून दाखवला. त्याचा सूड म्हणून 2 ऑगस्टला कॅथलिक झालेल्या ज्यूंना उचललं. एख्तच्या दारात एडिथ रोझाला म्हणाली, चल, आपल्या लोकांसाठी जाऊ या.

वेस्टरबोर्कमध्ये कित्येक आया धक्क्याने बधिर होऊन बसल्या होत्या. मुलांकडे बघायला कुणी नव्हतं. तिथून वाचलेल्यांनी सांगितलं की एडिथ त्या मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायची, भरवायची.

1998 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केलं, तेव्हा अनेक ज्यू दुखावले. ती ज्यू म्हणून मारली गेली, मग चर्चची हुतात्मा कशी, हा त्यांचा प्रश्न. मला तो रास्त वाटतो. बिशपांच्या निषेधाचा सूड होता हेही खरं. पण तिची दुसरी भावंडं, पाउल आणि फ्रीडा, ज्यूच राहिली होती आणि तीही टेरेझिनश्टाटच्या नाझी छावणीत संपली. मारणाऱ्यांनी भावंडांत भेद केला नाही.

वेस्टरबोर्क इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. कवायतीच्या मैदानावर न परतलेल्या प्रत्येकासाठी एक, असे 1 लाख 2 हजार दगड मांडले आहेत. पुढच्या ऑगस्टमध्ये मंडळाची सहल तिथे न्यावी, मुलांनाही घेऊन, असा माझा प्रस्ताव आहे. कार्यकारिणीने तो विचारात घ्यावा.

नमस्कार.