टेकडीवरून पुणे

(दृश्य : पर्वतीच्या दगडी पायऱ्या, पहाट. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची वर्दळ.)

दुबईत बुर्ज खलिफाच्या १४८व्या मजल्यावर, ५५५ मीटर उंचीवरून शहर बघता येतं. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगची ८६व्या मजल्यावरची उघडी गच्ची ३२० मीटरवर आहे. पुणेकरांची गच्ची म्हणजे टेकडी. तिला लिफ्ट नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या, कठड्याशी उभं राहायचं, दम खायचा आणि मग शहर बघायचं.

नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं ते १७४९ साली. तेव्हापासून पुणं वरून बघण्याची ही हक्काची जागा आहे. आजूबाजूच्या वस्तीपासून ती शंभर मीटरही उंच नाही. फोटो काढायला मला हीच उंची आवडते. फार वर गेलं की शहराचा नकाशा होतो. छपरं तेवढी दिसतात, भिंती दिसत नाहीत. पर्वतीवरून इमारतींचे चेहरे दिसतात. गॅलऱ्या, जिने, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या, सगळं ओळखू येतं. आणि मध्ये काच नाही. उंच इमारतींत बहुतेक ठिकाणी काचेमागून फोटो काढावा लागतो. आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब टाळायला लेन्स काचेला टेकवावी लागते, भोवती काळं कापड धरावं लागतं. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावला तर कडक केलेल्या काचेतून भलतेच रंगीत पट्टे उमटतात. ट्रायपॉडला तर बऱ्याच ठिकाणी मनाईच असते. इथं तुमच्या आणि शहराच्या मध्ये फक्त हवा आहे. पण पुण्यात ती हवाच सगळं ठरवते.

(दृश्य : उत्तरेकडचं क्षितिज. खालच्या बाजूला करडा-तपकिरी पट्टा, वर स्वच्छ निळं आकाश.)

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा दुसरा बाजीराव ती पर्वतीवरून पाहत होता. लढाई झाली ती गणेशखिंडीच्या परिसरात, इथून सहा-सात किलोमीटरवर. त्या दिशेला आज विद्यापीठ आहे. हिवाळ्याच्या सकाळी तिकडे लांब पल्ल्याची लेन्स रोखली, तर पुष्कळदा निव्वळ धुरकं पदरात पडतं.

ते का येतं, हे समजून घेण्यासारखं आहे. थंडीत रात्री आभाळ निरभ्र असतं, जमीन भराभर थंड होते आणि तिच्यालगतची हवाही गार पडते. वर मात्र त्या मानानं उबदार हवा राहते. पातेल्यावर झाकण बसावं तशी ती वरची हवा खालच्या हवेला दाबून धरते. शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर, रस्त्यावरची धूळ, काहीच वर जात नाही. भोवती टेकड्या आहेत, वारा पडलेला असतो. ऊन चढून जमीन तापली की हे झाकण उघडतं. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत उजेड सर्वांत सुंदर, तिरपा, आणि हवा सर्वांत वाईट. दूरचं शहर टिपायचं तर पावसाची मोठी सर येऊन गेल्यावरची वेळ धरा. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला अशा संध्याकाळी मिळतात. पाऊस हवेतली धूळ खाली बसवतो आणि नैऋत्येला सिंहगडाची कडा स्पष्ट उमटते.

(दृश्य : दुपारचं ऊन, मग तीच चौकट संध्याकाळी.)

आता उजेडाची दिशा. पर्वतीवरून पेठा उत्तरेला आहेत. पुणं साडेअठरा अंश अक्षांशावर असल्यामुळे वर्षातला बराच काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे, म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असतो. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकतो. त्या दिवसांत भर दुपारी सावल्या नाहीशा होतात आणि इमारती सपाट दिसतात. सकाळी उजेड उजवीकडून येतो, संध्याकाळी डावीकडून. बाजूनं आलेल्या उजेडात प्रत्येक घराला एक उजळ आणि एक काळोखी भिंत मिळते. पेठांची दाटी दाखवायला असाच उजेड हवा.

वेताळ टेकडीवर हे गणित बदलतं. शहरातली ही सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, आणि शहराच्या पश्चिमेला. तिथं पहाटे सूर्य समोर उगवतो, शहर आकृत्यांपुरतं उरतं. संध्याकाळी तोच सूर्य पाठीमागून सगळ्या शहरावर पिवळा उजेड टाकतो. पायथ्याशी गोखलेनगर दिसतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं, त्यानंतर पूरग्रस्तांसाठी ही वसाहत उभी राहिली. नदीकाठ सोडून शहर टेकडीच्या कुशीत का आलं, याचं उत्तर एकाच चौकटीत येतं. असं काही सापडलं की फोटो सुंदर आला की नाही, याची मला फिकीर राहत नाही.

वर पोहोचल्यावर सगळ्यांचा हात आधी रुंद लेन्सकडे जातो. सगळं शहर एकदम घ्यावंसं वाटतं. पण त्या फोटोत अर्धं आकाश, अर्धी झाडी आणि मध्ये घरांची बारीक रेघ येते. माझं सांगणं, तो एक फोटो काढून घ्या आणि मग शंभर-दोनशे मिलिमीटरच्या, म्हणजे लांबच्या लेन्सनं शहराचे तुकडे निवडा. सारसबाग घ्या. एके काळी तिथं तळं होतं, म्हणून आतला गणपती आजही तळ्यातला गणपती. मागे पेठांमधली जुनी कौलारू छपरं शोधा, त्यांच्यावर झुकलेल्या नव्या इमारती शोधा. लांबची लेन्स पुढचं-मागचं जवळ आणते, त्यामुळे कौलं आणि काच एकमेकांना चिकटलेली दिसतात. भर उन्हात मात्र एवढ्या अंतरावर तापलेली हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी कडा विरघळतात.

लांबच्या लेन्सबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. पर्वतीच्या उतारावर दाट वस्ती आहे. तिथली दारं, मोऱ्या, अंगणं लेन्समध्ये अगदी हाताशी येतात. खाली राहणाऱ्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही. चेहरा ओळखू येईल, घराच्या आतलं दिसेल, अशी चौकट मी सोडून देतो. तुम्हीही सोडा.

(दृश्य : सूर्यास्तानंतरचं शहर, दिवे लागताना.)

सूर्य मावळल्यावर लोक कॅमेरा आवरतात. खरा फोटो पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत असतो. आभाळ निळं उरलेलं असतं आणि खाली दिवे लागलेले असतात. दोघांचा उजेड काही क्षण सारखा होतो. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ आणि शटर पाच ते पंधरा सेकंद उघडं, इथून सुरुवात करा. वारा असतो, म्हणून ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला पिशवी अडकवा आणि टायमर लावून हात काढून घ्या. ट्रायपॉडबद्दल तिथल्या माणसांना आधी विचारून घ्यावं, देवस्थान आहे. एवढ्या वेळात स्वारगेटकडच्या गाड्या दिव्यांच्या रेषा होतात आणि चालणारी माणसं नाहीशी होतात. १८३८ साली फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या फ्रान्सच्या दागेरनं पॅरिसच्या एका रस्त्याचा उंचावरून फोटो घेतला, तेव्हाही असंच झालं होतं. रस्ता वर्दळीचा होता, पण एक्सपोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, कित्येक मिनिटांचं. उमटला तो मुख्यतः एका जागी थांबून बूट साफ करून घेणारा माणूस.

(दृश्य : जुना कौटुंबिक अल्बम, पान उलटतं.)

पुण्यातल्या कितीतरी घरांत पर्वतीवर काढलेला एखादा जुना फोटो असतो. आजी-आजोबा, आत्या, शाळेची सहल. आपण त्यातली माणसं बघतो. एकदा त्यांच्या मागे बघा. किती झाडं होती, कुठवर मोकळं रान होतं, कोणती इमारत अजून उठलेली नव्हती. मग तो फोटो घेऊन वर जा. कठडा किंवा मंदिराचा कोपरा जिथं तंतोतंत जुळेल तिथं उभे राहा आणि पुढचं-मागचं तेवढंच मावेल अशी लेन्स लावा. नवा फोटो छापून घ्या, मागे तारीख, वेळ आणि उभं राहिल्याची जागा लिहा, आणि दोन्ही फोटो अल्बमच्या एकाच पानावर लावा.