मिरोव्स्कींचा कुत्रा

नमस्कार श्रोतेहो. जिना चढल्यावर छातीत धडधडतं, निकालाच्या दिवशी धडधडतं, त्याबद्दल मी आज बोलणार नाही. बोलायचंय ते हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठणाऱ्या धडधडीबद्दल. रक्त बाहेर ढकलायचं काम या कप्प्यांचं. तिथल्या विजेचा गोंधळ उडाला की ठोके मिनिटाला दीडशे-दोनशेवर जातात. आणि कधी कधी ठोके उरतच नाहीत, नुसती थरथर उरते. ढोलपथकात प्रत्येकानं आपापला ठेका धरावा, तसं. रक्त पुढे जात नाही, काही सेकंदांत माणूस कोसळतो, काही मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

हा हार्ट अटॅक नव्हे. अटॅकमध्ये रक्तवाहिनी तुंबते. त्यातून ही थरथर सुरू होऊ शकते, पण तुंबणं वेगळं आणि थरथर वेगळी. पुन्हा सांगतो, तुंबणं वेगळं, थरथर वेगळी. थरथर मोडायची तर विजेचा झटका लागतो. मालिकांमध्ये पडद्यावर सरळ रेष आली की डॉक्टर झटका देतात. अहो, सरळ रेषेला झटका देत नाहीत! तिथे छाती दाबतात, इंजेक्शन देतात. मालिकावाल्यांना विचारायला एक डॉक्टर मिळू नये? कोर्टाचंही तेच. हातोडा आपटणारे न्यायाधीश आपल्याकडच्या कोर्टात मी तरी पाहिले नाहीत.

असो. हा झटका शरीराच्या आतूनच द्यावा, असं मिशेल मिरोव्स्कींनी मनावर घेतलं, त्यांची गोष्ट ऐका. जन्म 1924चा, वॉर्सामधला. महायुद्ध पेटलं तेव्हा पोरवयात घर सोडून निसटले. पुढे फ्रान्समध्ये डॉक्टरकी शिकले आणि इस्राएलमध्ये नोकरीला लागले. तिथले त्यांचे वरिष्ठ हॅरी हेलर यांना हाच आजार जडला. धडधड उसळायची, इस्पितळात न्यायचं, बरे होऊन घरी, की पुन्हा तेच. 1966 साली हेलर गेले. मिरोव्स्कींच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. असा रुग्ण जन्मभर इस्पितळात ठेवता येत नाही, आणि घरी पाठवला तर झटक्याचं यंत्र घेऊन त्याच्या मागे कोण फिरणार? मग ते यंत्र त्याच्या अंगातच का बसवू नये?

त्या काळी ते धूड उचलायला दोन्ही हात लागायचे. जाणकार म्हणाले, अशक्य. 1968मध्ये मिरोव्स्की अमेरिकेत बाल्टिमोरला गेले. तिथे मॉर्टन मॉवर हे जोडीदार मिळाले आणि दोघं कामाला लागले. 1972मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी लेख लिहून ही कल्पना मोडीत काढली. लाऊन म्हणजे कुणी ऐरेगैरे नव्हेत, इस्पितळातलं आधुनिक झटका-यंत्र त्यांनीच रुजवलेलं!

तरी 1975मध्ये यंत्र एका कुत्र्याच्या अंगात बसवलं आणि फिल्म काढली. कुत्रा उभा आहे. मुद्दाम थरथर सुरू करतात. कुत्रा कोसळतो. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून झटका बसतो, कुत्रा उठतो आणि शेपूट हलवतो! फिल्म पाहून शंकेखोर काय म्हणाले असतील? म्हणाले, कोसळायला आणि उठायला कुत्र्याला कोणीही शिकवेल. झालं, फिल्म पुन्हा काढली. या खेपेला कुत्र्याशेजारी ईसीजीचा आलेखही चालू. आता कुत्र्याला ईसीजी शिकवला म्हणायची सोय राहिली नाही.

4 फेब्रुवारी 1980 रोजी बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात ते यंत्र एका बाईंच्या पोटात बसवलं. आज ते गळ्याच्या हाडाखाली मावतं. 1985मध्ये अमेरिकेत सरकारी मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी लाऊन सहसंस्थापक असलेल्या डॉक्टरांच्या संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं. मला हा योगायोग फार आवडतो.

घड्याळ पुढे गेलंय, बाकीचं भरभर सांगतो. या यंत्रानं ठोक्यांचा बिघाड येणं थांबत नाही, आल्यावर तो मोडला जातो. कधी वायर बिघडते आणि नको तेव्हा झटका बसतो. वरचे कप्पे थरथरले तर माणूस सहसा लगेच कोसळत नाही, पण आत गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि पक्षाघात होतो. ठोके आठवडेच्या आठवडे वेगात राहिले तर हृदयच दमतं, पायावर सूज येते, धाप लागते.

धावताना, खेळताना शुद्ध हरपली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ईसीजी काढाच. कुणी कोसळलं, हाक देत नाही, नीट श्वास घेत नाही, तर कांदा नको, चप्पल नको. 108ला फोन आणि छातीच्या मधोमध दाबायला सुरुवात. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल. कांदा नको, चप्पल नको, 108 आणि छाती दाबा.

ज्यांना हे यंत्र बसवलंय त्यांच्यासाठी. एक झटका बसला आणि नंतर बरं वाटत असेल तर डॉक्टरांना फोन करा. लागोपाठ दोन-तीन बसले तर थेट इस्पितळ गाठा. आणि मोबाईल त्या बाजूच्या वरच्या खिशात ठेवू नका.