गावापासून उद्यमबागेपर्यंत

[दृश्य: बेळगाव, किर्लोस्कर रोड. दुकानं उघडण्याची वेळ.]

लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. जन्म १८६९चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींच्या धंद्यात पडले आणि पुढे लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडानं जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर पटकन खपले नाहीत. नंतर कारखान्याची जागाही सोडावी लागली आणि १९१० साली सगळा पसारा औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर गेला. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तंत्रशिक्षण शेतकऱ्याच्या कामी कसं येतं, हे बेळगावनं एवढ्या आधी पाहिलंय. म्हणून इथं ते कुणापर्यंत पोचतं, हे विचारलंच पाहिजे.

[दृश्य: उद्यमबाग. फौंड्रीचं दार, आत धूर आणि उजेड.]

आज उद्यमबाग आणि मच्छे या बेळगावच्या औद्योगिक वसाहतींत फौंड्र्या, म्हणजे धातू ओतण्याचे कारखाने आहेत, मशीन शॉप आहेत. पंपाचे, व्हॉल्व्हचे, गाड्यांचे भाग इथं ओतले जातात.

मोल्डिंगवाल्याजवळ, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्याजवळ, जरा थांबूया. वाळूत बेंटोनाइट, म्हणजे चिकट माती, आणि पाणी मिसळलंय. तो मूठभर वाळू घेतो, आवळतो, मूठ उघडतो. गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत. मग तो गोळा मधोमध मोडतो. कडा ढासळल्या तर वाळू कोरडी. हाताला चिकटली तर पाणी जास्त, आणि असल्या साच्यात वितळलेल्या धातूचा रस ओतला की वाफ धरते, ओतलेल्या भागात पोकळ्या राहतात, आख्खं कास्टिंग भंगारात. वाळू तपासायची यंत्रं आहेतच, पण मुठीची ही परीक्षा अजून चालते. तो ती कुठल्या वर्गात शिकलेला नाही. शेजारच्या जुन्या कामगाराचं बघून शिकला.

[दृश्य: आयटीआयची कार्यशाळा. व्हाइसवर वाकलेली मुलं.]

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय १९९८पासून बेळगावातच आहे, राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. त्याचा अभिमान आहेच. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या किंवा निपाणीच्या तंबाखूच्या शेतातल्या घराला आधी परवडतं ते आयटीआय. फिटरला दोन वर्षं, वेल्डरला एक.

पहिले कित्येक दिवस नुसती कानस चालवायची. लोखंडाचा तुकडा सपाट झाला का, हे गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून उजेडात धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. मग व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची पट्टी: मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचायचा. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला हे जमतं, हात तयार असतो. तो अडतो कागदावर. पुस्तक इंग्रजीत, सूचना कन्नडमध्ये. चांगले शिक्षक तिन्ही भाषांत समजावतात, आणि तेवढ्यानं मुलगा टिकतो. पण हे त्या शिक्षकाच्या भलेपणावर सोडणं मला पटत नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने मराठीतून शब्द, मापं आणि ड्रॉइंग पक्कं करून घ्यावं, सोबत कामापुरती कन्नडही शिकवावी. इथं राहायचं आणि इथंच कमवायचं, तर ती यायलाच हवी.

सीमाभागाला आयटीआयचा आणखी एक फायदा आहे. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालतं. तेच घेऊन मुलगा उद्यमबागेत जातो, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला जातो, गोव्यात वेर्ण्यालाही जातो. दोन राज्यांच्या वादात वाढलेल्या पोरासाठी ही मोठी सोय आहे.

[दृश्य: पाळी सुटली. कामगार गेटबाहेर.]

आता वाळूची पारख असलेल्या त्या माणसाकडे बघा. त्याच्याकडे कागद नाही, म्हणून बरीच वर्षं काम करूनही हजेरीपटावर तो हेल्परच राहतो. येत असलेलं काम तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे, तिला आरपीएल म्हणतात. ती परीक्षा उद्यमबागेतच, पाळी सुटल्यावर, त्याला समजेल अशा भाषेत घ्यावी. आयटीआयच्या कार्यशाळा संध्याकाळी त्याच्यासाठी उघड्या ठेवाव्यात. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. लागतो तो एक शिक्षक, संध्याकाळच्या वेळेचा पगार आणि रात्री खानापूरला परतणारी एक बस.