वाजवणारा मालक होतो तेव्हा

बँडवाले मंडळी, मला दिलेला विषय आहे सुपारीचा, म्हणजे लग्नात वाजवायच्या ठरलेल्या कामाचा, दर कसा ठरवावा. दरावर येतोच. आधी बाकीचं, म्हणजे यजमानांकडे राहिलेल्या पैशांचं, बोलू द्या. आपल्या सोलापुरातले भले भले क्लॅरोनेटवाले स्वतःचा बँड काढून बुडाले ते दरामुळे नाही, बाकीमुळे.

मी दुसऱ्याच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचो तेव्हाची गोष्ट. अक्कलकोट रोडचं कार्यालय, वैशाखातली दुपार. परण्या, म्हणजे मारुतीच्या देवळापासून निघालेली नवरदेवाची मिरवणूक, दारात आला, नवरदेवाला ओवाळलं, आत मंगलाष्टकं सुरू झाली. आमचा मालक बाकी मागायला गेला. मुलाचे वडील म्हणाले, पाकीट मामांकडे आहे. मामा पंगतीत जिलबी वाढत होते. ते म्हणाले, जेवणं होऊ द्या. आम्ही लिंबाखाली कोटाची बटणं सोडून बसलेलो. युफोनियमवाला मंगळवेढ्याचा, त्याची शेवटची एसटी गेली. दिवे लागल्यावर पैसे आले तेही कापून, ‘वरात उशिरा पोचली’ म्हणून. घोडाच उशिरा आला होता, आम्ही तासभर उन्हात उभे होतो! मालकानं आपला वाटा पूर्ण ठेवला आणि तूट आमच्यात वाटली. गर्दीत ढोलवाला आहे ना कोणी? मान हलवताय म्हणजे तुमच्याही वाट्याला आलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे: बाकी मारुतीच्या देवळात घ्या. नवरदेव दर्शन घेऊन बाहेर येतो, परण्या निघायचा असतो, तेव्हा सगळ्यांना बँड हवा असतो. मंडपात अक्षता पडल्या की आपल्याकडे कोणी बघत नाही. सुपारी लिहितानाच सांगा, मामांना बोलवून सांगा, नम्रपणे सांगा. लोक देतात. आणि पैसे आले की आधी वादकांचे, मग गाडीचे, शेवटी स्वतःचे. मालक म्हणवून घ्यायचं तर शेवटी घ्यायला शिकलं पाहिजे.

चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलीय. तर दर.

वादकांची हजेरी, टेम्पो, चहा-जेवण, गणवेशाची धुलाई हे सगळे धरतात. चातुर्मास कोणी धरत नाही. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाची सुपारी नाही. मध्ये गणपती, नवरात्र येतं, तेवढ्यावर घर चालत नाही. त्या महिन्यांत वादकाला उचल दिली नाही तर मार्गशीर्षात तो दुसऱ्याच्या बँडमध्ये दिसतो. म्हणून उचलीची रक्कम हंगामातल्या प्रत्येक सुपारीत थोडी थोडी घाला. पंचांग जवळ ठेवा, अधिक महिन्यातही लग्नं नसतात. 2023चा अधिक श्रावण चातुर्मासातच गेला, आपल्याला टोचला नाही. 2026चा अधिक ज्येष्ठ मात्र 17 मे ते 15 जून, ऐन लगीनसराईत. असं वर्ष आलं की दर आदल्या दिवाळीतच बदलायचा.

रात्रीच्या वरातीचं एक राहिलं. 2000 सालच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, रस्त्यावरच्या वाजंत्रीलाही नंतर तोच नियम लागू झाला. तेव्हा कागदावर सुरू करायची वेळ लिहा आणि खाली लिहा, यजमानांकडून उशीर झाल्यास रक्कम कमी होणार नाही. दोघांची सही.

त्या कागदाचा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. जाताना एकेक घेऊन जा. ज्यांना लिहायची अडचण आहे त्यांनी थांबा, आत्ताच भरून देतो.